साहेब, जन्माला जरा मे महिन्यात या!

महाराष्ट्रातली रक्ताची टंचाई कायमची मिटवण्याचा एक उपाय होता, पण त्याला आता उशीर झालाय. पुढाऱ्यांच्या जन्मतारखा वर्षभर नीट वाटून द्यायला हव्या होत्या.

आता बघा. शरद पवार १२ डिसेंबर, बाळासाहेबांची जयंती २३ जानेवारी, एकनाथ शिंदे ९ फेब्रुवारी. देवेंद्र फडणवीस २२ जुलै, उद्धव ठाकरे २७ जुलै. या तारखांना गल्लोगल्ली मंडप, पिशव्यांचे ढीग आणि ‘महारक्तदान’ लिहिलेले बॅनर. आणि मे महिन्यात? कॉलेजं बंद, शहर निम्मं गावाला, रक्तपेढीचा फ्रीज मोकळा. विलासराव देशमुख २६ मेचे आणि नितीन गडकरी २७ मेचे, म्हणजे तिथेही महिना सरत आल्यावर लागोपाठ दोन. एक्स्प्रेस वेवाल्या गडकरींकडून तरी हा उशीर अपेक्षित नव्हता.

रक्त हे काही लोणचं नव्हे, की जुलैत भरलं आणि मेपर्यंत मुरलं. लाल पेशी पिशवीत ३५, फार तर ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट अवघे ५ दिवस. म्हणजे फडणवीसांच्या वाढदिवसाच्या प्लेटलेट उद्धवरावांच्या वाढदिवशी बाद. दोघांमधलं अंतर वैद्यकीय भाषेत मोजलं तर नेमकं तेवढंच भरतं.

पुढची गंमत दात्याची. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस थांबावं लागतं, बाईला १२०. २२ जुलैला साहेबांसाठी हात पुढे करणारा कार्यकर्ता २० ऑक्टोबरपर्यंत कामाचा नाही, आणि त्याची पिशवी २ सप्टेंबरला मुदतबाह्य. मधल्या सात आठवड्यांत निष्ठा शाबूत, रक्त शून्य. नेमका डेंग्यूचा हंगाम तेव्हाच भरात असतो. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांच्या कॅलेंडरवर कुठल्याच साहेबांचा फोटो नसतो.

बरं, येणाऱ्यांना काय मिळतं? कुठे हेल्मेट, कुठे ट्रॉलीबॅग, कुठे डबा. सुप्रीम कोर्टाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. पैसे बंद, पैशानं आणलेली बॅग चालू! हा मोबदल्याचा विटाळ उगाच नाही. बॅगेवर डोळा असला की माणूस अर्ज भरताना गेल्या वर्षीची कावीळ विसरतो, चालू गोळ्या विसरतो. मग ती बॅग त्याच्या घरी जाते आणि विसरलेलं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी शिरेत.

जाता जाता एक योगायोग. जागतिक रक्तदाता दिन १४ जूनला असतो, कारण रक्तगट शोधून काढणारे कार्ल लँडस्टायनर १८६८ साली त्या दिवशी जन्मले. बरोबर शंभर वर्षांनी, १९६८ साली, त्याच तारखेला राज ठाकरे जन्मले. त्या दिवशीच्या बॅनरवर दोघांपैकी कुणाचा फोटो असतो, हे सांगायची गरज नाही.

रक्तपेढीतले समाजसेवा अधीक्षक बिचारे हात जोडून सांगत असतात: एका दिवसात पाचशे पिशव्यांचा विक्रम नको, आठवड्याला पन्नास द्या, वर्षभर द्या. पण आठवड्याला पन्नास हा काय आकडा झाला? त्यावर बॅनर कसा छापणार? पक्ष फुटल्यापासून तर एकाच गल्लीत दोन मंडप आणि दोन विक्रम. पिशवीच्या लेबलवर रक्तगट आणि मुदतीची तारीख असते, चिन्ह नसतं, म्हणून बरं. नाहीतर रुग्णाचे नातेवाईक मूळ गटाचंच रक्त मागत बसले असते.

तसं कुठल्याही बिनवाढदिवसाच्या मंगळवारी थेट रक्तपेढीत जाता येतं. वय अठराच्या पुढे, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. सुई दहा मिनिटांत बाहेर, मग चहा-बिस्किटं. फक्त तिथे फोटोग्राफर नसतो, ही एकच मोठी अडचण.