म्हणून आपण प्रार्थना करूया

माझ्या नव्या कथेचं पहिलं वाक्य कागदावर उतरलं ते असं : "नायिकेस त्या रात्री झोप लागली नाही, याची सर्व धर्मग्रामस्थांनी नोंद घ्यावी."

मी पेन खाली ठेवलं आणि सासूबाईंसाठी मोसंबीचा रस काढायला उठले.

कॉलेजात असताना मी बरं लिहायची. म्हणजे आमचे मराठीचे सर तसं म्हणायचे. ते कोणालाच वाईट म्हणत नसत हा भाग वेगळा. मग लग्न झालं, मुलं झाली, आणि एका रविवारी सकाळच्या मिस्साला वाचक आलाच नाही. फादरांनी देवळात नजर फिरवली. मी पहिल्या बाकावर बसले होते. वसईत पहिल्या बाकावर बसणाऱ्याला आयुष्यभर काम पुरतं. आधी वाचन आलं, त्यामागून श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहायचं आलं, मग धर्मशिक्षणाचा सहावीचा वर्ग, मग आमच्या आळीतल्या समूहाच्या सभा आणि शेवटी मिस्सानंतर वाचायच्या सूचना. "तुमचं मराठी चांगलं आहे," एवढ्या एका वाक्यावर ही सगळी कामं माझ्याकडे आली. माझ्या साहित्याची आजवर झालेली समीक्षा ती एवढीच.

या काळात माझी भाषा चर्चच्या सेवेत कायम झाली, ते मला कळलंच नाही. प्रार्थनेचा एक साचा असतो. आधी कोणासाठी ते सांगायचं, मग काय हवं ते मागायचं, शेवटी आवाज खाली आणून "म्हणून आपण प्रार्थना करूया" म्हणायचं आणि थांबायचं. देवळातून उत्तर येतं : "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." सूचनांचा साचा निराळा. त्यात सणाची वर्गणी, दफनभूमीची साफसफाई आणि कोणाची तरी बाकाखाली राहिलेली छत्री. हे इतकं लिहिलं की लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांना प्रेमाची चिठ्ठी लिहायला बसले, तर तिच्या शेवटी "वेळेवर उपस्थित राहून सहकार्य करावे" असं लिहून गेले. ह्यांनी ती फ्रिजवर लावून ठेवली आहे. पाहुण्यांना दाखवतात.

आम्हा बायकांची रोमनंही उशिरा का होईना दखल घेतली. पोप फ्रान्सिस यांनी २०२१च्या जानेवारीत वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांना रीतसर खुली केली आणि मे महिन्यात धर्मशिक्षकाच्या सेवेलाही अधिकृत स्थान दिलं. समूहाच्या सभेत फादर हे समजावून सांगत होते, तेव्हा मी आत चहात साखर घालत होते. चहाबद्दल पोपसाहेबांनी काही म्हटलेलं नाही. चर्चच्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. लग्न झालेल्या पुरुषाला कायमस्वरूपी डीकन व्हायचं असेल तर त्याची ३५ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि बायकोची संमती हवी. लग्न झालेल्या बाईला कथा लिहायची असेल तर कोणाची संमती हवी, याचं कलम त्यात नाही. आमच्याकडे सासूबाईंची लागते. "लिही की," त्या म्हणाल्या, "भाकऱ्या झाल्यावर."

बरं, सबब सांगायलाही जागा नाही. ज्या वसईत मी भाकऱ्या थापते, तिथंच फादर फ्रान्सिस दिब्रिटो होऊन गेले. त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं, हरित वसईसाठी ते रस्त्यावर उतरले, त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही झालं. त्याच्या चारशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि गृहस्थ मूळचे इंग्रज! तेही साष्टीतलं धर्मकार्य सांभाळून. हे सगळं आठवलं की मान खाली जाते. मग लक्षात येतं की दोघांनाही सकाळी शाळेचे डबे भरायचे नव्हते, आणि मान थोडी वर येते. एवढ्यात लक्ष्मीबाई टिळक आठवतात. घरात माणसांचा राबता, नवरा कवी आणि त्यात हाताचा सढळ. तरी बाईंनी त्यांच्या मागे अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं, वर 'स्मृतिचित्रे' लिहिली. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे. टिळक मंडळी प्रोटेस्टंट होती. आम्हा कॅथलिकांना सण जास्त.

हे उत्तर अगदीच लंगडं नाही. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना. रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी माळ, आणि माळेनंतर खाणं. नोव्हेंबर मृतांचा, म्हणजे दफनभूमीत फुलं-मेणबत्त्या. मग आगमनकाळ, नाताळ, गोठा, आणि लगोलग लग्नसराई. ती आटपते तोवर राख बुधवार येऊन उपवासकाळ सुरू. झावळ्यांच्या रविवारापासून ईस्टरपर्यंत तर मी घरात फक्त कपडे बदलायला येते. मे महिन्यात पुन्हा लग्नं. उरतो तो पावसाळा. म्हणून मी कथा जुलैत लिहायला घेतली. जुलैत आमच्याकडे वीज जाते.

तरीही ती पुरी झाली. मेणबत्तीच्या उजेडात झाली, त्यामुळे मुलाला वाटलं मी कोणासाठी तरी नवस बोलले आहे. कथा तशी साधी होती : एक विधवा, तिची केळीची वाडी, आणि ती वाडी विकायला लावणारा बिल्डरचा दलाल. लिहिताना मी "नोंद घ्यावी", "कळविण्यात येते", "सहकार्य करावे" हे सगळं खोडून काढलं. जिथं जिथं वाक्य गुडघ्यावर बसू लागलं, तिथं त्याला हाताला धरून उभं केलं. आता ही शुद्ध साहित्यिक भाषा झाली, अशी माझी खात्री पटली.

डिसेंबरात गावातल्या एका मंडळानं स्थानिक लेखकांचं कथावाचन ठेवलं. माझं नाव पत्रिकेत आलं. मी नवी साडी नेसले. जागा चर्चचा हॉल. समोर तेच लोक, हातात तोच माइक. कागदावरची भाषा मी सुधारली होती. गळ्याचं काय, हा विचार मनात आला नव्हता.

पहिला परिच्छेद छान गेला. शेवटी विहिरीवरचा रहाट थांबतो. तिथं माझा आवाज आपोआप खाली आला, मान किंचित झुकली आणि मी थांबले. तिसऱ्या रांगेतून एक आजीबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

कोणी हसलं असतं तर मी वाचले असते. कोणीच हसलं नाही. दुसऱ्या परिच्छेदानंतर त्यांच्या मागच्या दोन रांगा सामील झाल्या आणि तिसऱ्यानंतर अख्खा हॉल. मी न थांबता पुढं जायचा प्रयत्न केला, पण लोकांना आपली जागा बरोबर ठाऊक होती. मी थांबले नाही तर ते मला थांबवून उत्तर देत. आमचे हे गायन मंडळात आहेत. त्यांनी चौथ्या वेळेपासून चाल लावली. दलाल वाडीत शिरतो तिथं उत्तरात खरा कळवळा होता, कारण दलाल सगळ्यांच्याच वाडीत शिरलेले आहेत. आणि नायिका त्याच्या मुस्कटात भडकावते, तिथलं "आमची प्रार्थना ऐक" तर रस्त्यापर्यंत गेलं असावं. कथा संपली तेव्हा निम्म्या हॉलनं क्रुसाची खूण केली आणि पुढच्या रांगेतले एक काका दानाची पिशवी येईल म्हणून खिसा चाचपू लागले.

परीक्षक म्हणून आलेल्या प्राध्यापकांनी "श्रोत्यांचा सहभाग हा एक वेगळा प्रयोग" असं भाष्य केलं. मी मान डोलावली. फादरांना कथा फार आवडली. नाताळच्या प्रार्थना यंदा जरा लवकर द्याल का, असं त्यांनी विचारलं.

मी मागच्या दारानं सटकत होते तेवढ्यात त्या तिसऱ्या रांगेतल्या आजीबाईंनी गाठलं. नातीचा कॅनडाचा व्हिसा अडकलाय, म्हणाल्या, येत्या रविवारी तिच्यासाठी एक प्रार्थना घाल. मी कथेच्या शेवटच्या पानाची पाठ काढली आणि पेन उघडलं. व्हिसा का अडकला, असं सहज विचारलं. तर आजीबाई बाकावर टेकल्या आणि सांगू लागल्या. मुलगा आणि सून बोलत नाहीत, सुनेनं दागिने माहेरी ठेवलेत, वाडीच्या सातबाऱ्यावर मेलेल्या दिराचं नाव तसंच आहे, आणि तो दीर मेलेला नाही, असं गावात एकाच माणसाला माहीत आहे. माझी नायिका त्यांच्यापुढे अगदीच फिकी. मी भराभर लिहीत सुटले. पाठ भरली, मग समासात लिहिलं, मग पत्रिकेवर.

आजीबाईंनी माझं मनगट धरलं.

"हे कुठं छापू नको हां, बाय," त्या म्हणाल्या. "फक्त प्रार्थनेत घाल."