उसवणशास्त्र : प्राथमिक परिचय

घरच्या घरी शिवणकाम आणि भरतकाम शिकणाऱ्या नवशिकीचा बहुतेक वेळ उसवण्यात जातो. शिवणाच्या पुस्तकांत मापे असतात, कटिंग असते, टिपा असतात. उसवण्यावर प्रकरण नसते. प्रत्यक्षात एक टीप मिनिटभरात पडते आणि कापडाला भोक न पाडता ती काढायची तर संध्याकाळ जाते. म्हणून ज्यात उसवावे कमी लागेल असे काम आधी हाती घ्यावे, हे उघड आहे. वरंध आणि महाड-पोलादपूरच्या आतल्या गावांत असे काम घरोघरी पूर्वीपासून आहे. ते म्हणजे गोधडी. नवशिकी मात्र सुरुवात करते ती उशीच्या अभ्र्यावरच्या गुलाबाने.

वरंध हे भोर-महाड रस्त्यावर, वरंधा घाटाच्या पायथ्याकडचे गाव. दोरा, बटणे, अस्तर यांसाठी बिरवाडी किंवा महाड गाठावे लागते आणि पावसाळ्यात ते जाणे आपल्या हाती राहत नाही. घाट तर दर पावसाळ्यात बंद होण्याच्या बेतात असतो. २०२१ च्या जुलैत तो जागोजागी खचला. म्हणून दोऱ्यांची बेगमी जूनच्या आत करायची असते. नवशिकी ती करतेही. भरतकामाच्या लड्यांपुढे उभी राहून ती गुलाबी रंगाच्या सगळ्या छटा घेते आणि हिरवा विसरते. श्रावणात अभ्र्यावर निळ्या पानांचे गुलाब उमलतात ते यामुळे.

या हवेचा दुसरा परिणाम सुईवर होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात उघडी ठेवलेली सुई लवकर गंजते. गंजकी सुई कापडात शिरते, पण सहजी बाहेर येत नाही. आली तर पांढऱ्या पॉपलिनवर तांबूस ठिपका ठेवून येते. ठिपका धुऊन जात नाही, म्हणून त्यावर फूल भरतात. नक्षीशी काही संबंध नसलेले, कोपऱ्यातले एकटे फूल दिसले तर ते तिथे का आहे हे विचारू नये. जुन्या बायका केसांचा गुंतवळ भरून सुयांची उशी करीत. केसांतल्या तेलाने सुई गंजत नाही आणि गुंतवळही कामी लागतो.

सुयांच्या नंबरांची रचना नवशिकीला छळण्यासाठीच झाली असावी. हातसुईचा नंबर जितका मोठा, तितकी ती बारीक. मशीनच्या सुईचा नंबर जितका मोठा, तितकी ती जाड. दुकानदाराला हे ठाऊक असते, पण तो विचारल्याशिवाय सांगत नाही. दोरा हातभर घ्यावा असा नियम आहे. पुन्हा पुन्हा ओवण्याचा कंटाळा म्हणून नवशिकी तो खोलीभर घेते, आणि मग शिवणापेक्षा गाठी सोडवण्याचा तिचा अभ्यास अधिक होतो. घरात कोणी शिवण शिकते आहे ही बातमी वाडीत पसरली की तिची पहिली नेमणूकही ठरलेली असते. आसपासच्या सगळ्या आज्यांच्या सुया ओवून देणे. यात मात्र ती चटकन तरबेज होते.

पुरुषाने घरी शिवण शिकायला घेतले तर प्रश्न वेगळे येतात. बाईला विचारतात, ‘ब्लाउज कधी शिवशील?’ पुरुषाला विचारतात, ‘दुकान कधी टाकतोस?’

हाताचे टाके क्रमाने असे : धावदोरा, उलटी टीप, हातशिलाई, काज. हातशिलाईत टाका सुलट बाजूला दिसू नये अशी अपेक्षा असते. नवशिकीचा टाका उलट बाजूने अंधुक आणि सुलट बाजूने ठसठशीत असतो. काजाविषयी लिहिण्यासारखे फार नाही; पहिल्या काजातून बटण जात नाही आणि दुसऱ्यात राहत नाही.

गोधडीला यातला फक्त पहिला टाका लागतो. जुनी लुगडी, साड्या, धोतरे एकावर एक अंथरायची, सुरकुत्या हाताने मोडायच्या, कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवायचे आणि सगळे थर लांब कच्च्या टाक्यांनी पकडून घ्यायचे. मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत यायचे. कच्चे टाके टाळले तर फेऱ्या पुढे सरकतात तशी सुरकुतीही पुढे सरकते आणि अखेर मधोमध तिचा डोंगर होतो. ही एक चूक सोडली तर गोधडीला बाकी सगळे चालते. ओळ वाकडी गेली तर उसवत नाहीत. तिच्या शेजारी तितकीच वाकडी दुसरी ओळ घालतात आणि ती नक्षी ठरते. पावसाळा संपेपर्यंत गोधडी वाळत नाही, म्हणून धुणे आणि नव्याने घालणे हे काम उन्हाळ्यात उरकतात. तेव्हा अंगणात चार बाजूंनी चार बाया बसतात. आजी ‘बाय, टाका बारीक घे’ एवढेच म्हणते आणि स्वतः पुढच्या ओळीला लागते. पुस्तकी शिक्षणात ही सोय नाही.

मशीनचा इतिहास नवशिकीला धीर देणारा आहे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी, पोट जाईल या भीतीने, त्याची यंत्रे फोडली. अमेरिकेत एलियास हाऊ याला १८४६ मध्ये पेटंट मिळाले; त्याच्या यंत्रात सुईचे नाक टोकाजवळ होते आणि टाका दोन दोऱ्यांचा होता. एक दोरा वरून, एक खालून, आणि दोघांची गाठ कापडाच्या पोटात. १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन बनू लागली. पुढे पायमशीन गावोगावी, लग्नातल्या आंदणात गेली. शिंप्यांनी यंत्रे फोडली हे आज रानटीपणाचे वाटते. पण बॉबिनशी एक दुपार काढलेल्या माणसाला त्यांची बाजू समजते.

पायमशीनवर आधी दोरा न ओवता, रेघांच्या कागदावर सुई चालवायला शिकवतात. चाक आपल्याकडे फिरले पाहिजे. पुढे दोरा ओवल्यावर नवशिकीचा पाय पहिल्या झटक्याला ते उलटे फिरवतो आणि दोरा तुटतो. दोरा तुटू नये म्हणून ती चाक हाताने धरते, मग कापड धरायला हात उरत नाही. कापडाखाली दोऱ्याचे घरटे तयार झाले की ती बॉबिन उघडते, साफ करते, पुन्हा बसवते. दोष बहुधा वर असतो. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेला नसतो किंवा दाबपट्टी खाली केलेली नसते. सुईची चपटी बाजू भलतीकडे गेली तर टाका पडतच नाही. पावसात चामड्याचा पट्टा सैल होतो, चाक फिरत नाही आणि पाय मात्र फिरतो. पट्टा थोडा कापून पुन्हा क्लिप लावली की काम होते. वीज गेली तरी पायमशीन अडत नाही. पावसाळ्यात वरंधला हा मोठा गुण आहे.

ब्लाउज ही या विद्येची दहावी. छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही यांची मापे आणि त्यांचे चौथे हिस्से यांचे गणित झारापकर पद्धतीच्या पुस्तकांनी मराठी घरांत पोचवले. पण चौथ्या हिश्शात शिवणीसाठी कापड सोडायचे हे कटिंग झाल्यावर आठवते. सुती कापड आधी पाण्यातून काढायचे असते, नाहीतर ब्लाउज पहिल्या धुण्यात धाकट्या बहिणीचा होतो. बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल असतो, म्हणून दोन बाह्या आरशातल्यासारख्या कापाव्या लागतात. नवशिकी दोन्ही एकाच हाताच्या कापते. यावर उपाय नाही. नवे कापड आणावे लागते, म्हणजे पुन्हा बिरवाडी.

भरतकामात साखळी, देठाचा टाका, गाठीचा टाका, काश्मिरी आणि कच्छी असा क्रम सोयीचा. लडीतला दोरा सहा पदरी असतो आणि कामाला त्यातले दोन-तीन पदर पुरतात. सहाही पदर ओवले तर गुलाब लवकर भरतो आणि कोबीसारखा दिसतो. भरतकामाची परीक्षा उलट बाजूने होते. येणारी प्रत्येक काकू अभ्रा हातात घेते, सुलट बाजू पाहतच नाही, उलटवते आणि ‘छान आहे’ म्हणते. पूर्वी सराव करायला घरात जागा भरपूर होती. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना भरलेली आच्छादने असत. टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला आणि या कलेचा मोठा आश्रयदाता हरपला.

चिकाटी मातीतून येते असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वरंधपासून जवळच शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी वीस दशकांचा, दोनशे समासांचा दासबोध तिथे सांगितला अशी परंपरा आहे. त्याच परिसरात एका वर्षी सुरू केलेले टेबलक्लॉथ कोपऱ्यातल्या मोरापाशी थांबलेले अनेक घरांत सापडतात. मोराला पाय नसतो, कधी पिसारा नसतो. ते टाकू नयेत. चार साठले की त्यांची गोधडी होते, आणि मोर आतल्या थरात गेला की उलट बाजू कोणी पाहत नाही.

घरातल्या इतरांना एकच विनंती : अर्धवट गोधडीवर टेकण्याआधी सुई कुठे खोचली आहे ते विचारून घ्यावे.