कुंपणापलीकडची दुनाळी

तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या नेहरूनगरातले बंदूकवाले बंदूक कमी आणि तोंड जास्त चालवतात. शेजारचे काका त्यांचे मेरुमणी. भिलाई स्टील प्लांटच्या प्लेट मिलमध्ये उभी नोकरी झाली, वय आता सत्तरीपार, मूळ भंडाऱ्याकडचं मालगुजार घराणं. मालगुजारी गेली, वाडा बसला, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि काकांच्या वाट्याला आली आजोबांची बारा बोरची दुनाळी. काकू अजून ऐकवतात, "भावांनी सोनं घेतलं नि आमच्या ह्यांच्या हाती लोखंड दिलं. ह्यांना तेच प्रिय, नाहीतर भिलाईत कशाला आले असते?"

काकांचा एखादा रविवार मोकळा असला की व्हरांड्यात चटई पडते. मग मी कढीपत्ता तोडायच्या निमित्ताने कुंपणाच्या भिंतीशी जाते. दुनाळीची कळ सरकवली की ती मधोमध उघडते, दोन्ही नळ्या खाली झुकतात. आत काडतूस नाही ना, हे काका आधी डोळ्यांनी बघतात, मग बोट घालून चाचपतात. वर्षानुवर्षं काडतूस घातलेलंच नाही, तरी चाचपतात. मग गजाला तेलाची चिंधी गुंडाळून नळीतून आरपार ओढायची, चिंधी काळी आली की दुसरी घ्यायची. शेवटी नळ्या आभाळाकडे धरून एक डोळा मिटायचा. आत गंजाचा ठिपका दिसला तर काकांचं जेवण जात नाही, नाही दिसला तर आजोबांचा वाघ बाहेर येतो.

हा वाघ मी या गल्लीत राहायला आले तेव्हा नऊ फुटी होता. आता अकराला टेकलाय.

"काका, मेलेला वाघ वाढतो कसा हो?"

"ताई, तुम्हाला मोजमापातलं कळत नाही," काका म्हणाले. "नाकाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकाशी एक खुंटी आणि मधलं अंतर सरळ मोजायचं, ही एक रीत. टेप पाठीवरून, खांद्याच्या उंचवट्यावरून दाबत न्यायचा, ही दुसरी. दुसऱ्या रीतीत वाघ काही इंच लांब भरतो."

"काही इंच म्हणजे दोन फूट?"

आतून काकूंचा आवाज आला, "अगं, ह्यांनी टेप घरावरून नेला असेल!"

हसण्यावारी नेलं खरं, पण या मुलखात शिकारीच्या गोष्टींना तोटा नाही. सरगुजाच्या महाराजांनी अकराशेंवर वाघ मारले असं लोक सांगतात, आणि सांगतानाही आवाजात अभिमान असतो. कोरिया संस्थानाच्या रामानुज प्रताप सिंह देव महाराजांची गोष्ट तर इतिहासातच गेली. 1947 साली रात्री मोटारीच्या उजेडात त्यांना तीन चित्ते दिसले, तिन्ही नर. तिन्ही पडले. हिंदुस्थानातल्या शेवटच्या चित्त्यांची नोंद म्हणून ती शिकार दाखवली जाते. मेलेल्या तिघांमागे बंदूक घेऊन उभ्या असलेल्या महाराजांचा फोटोही आहे. 1952 मध्ये चित्ता देशातून संपल्याचं सरकारने जाहीर केलं. पुढे 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते कुनोला आणून सोडले, तेव्हा भिलाईत विश्वकर्मा पूजा चालू होती. काका प्लांटमधल्या जुन्या दोस्तांकडचा प्रसाद घेऊन आले नि टीव्हीसमोर बसले ते उठलेच नाहीत. म्हणाले, "ताई, एका रात्रीत संपवलेलं परत आणायला सत्तर वर्षं आणि विमान लागलं."

मी ती संधी साधून विचारलं, "काका, खरं सांगा. तुम्ही स्वतः काय मारलंत?"

काकांच्या आधी काकू बोलल्या, "झोपा! रात्रपाळीला."

काका मात्र प्रामाणिक माणूस. त्यांनी एकही जनावर मारलेलं नाही. ते कमावते होईपर्यंत दार बंद झालं होतं. आजोबांच्या काळात मध्य प्रदेशच्या जंगलखात्याकडून परवाना काढून ठरलेल्या ब्लॉकमध्ये शिकार करता यायची. हाकारे जंगल उठवायचे, साहेब मचाणावर. 1970 मध्ये वाघाची शिकार बंद झाली, 1972 ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, उरलीसुरली परवान्याची शिकारही 1991 च्या दुरुस्तीने गेली. आज तित्तर मारलं तरी गुन्हा आहे. गावाकडे रानडुकरांनी धान लोळवलं म्हणून कुणी कुंपणात करंट सोडतो, त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचाच माणूस. काका याला शिकार म्हणत नाहीत, खून म्हणतात. आणि आमच्या गल्लीतलं ते पोरगं गच्चीवरून छर्ऱ्याच्या बंदुकीने कबुतरांवर नेम धरायचं ना, त्याच्या घरी जाऊन काकांनीच दम भरला. साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही हे खरं. म्हणून पाखरं मारायची मोकळीक मिळते असं थोडंच आहे!

आता कोपऱ्यावरच्या डॉक्टरसाहेबांचं ऐका. दात काढतात आणि जुनी हत्यारं जमवतात. त्यांच्या दिवाणखान्यात ठासणीची एक लांब बंदूक टांगलेली आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ते दर खेपेला जातात आणि तिथली कोरीव कामाची बारूददाणं बघून उसासे टाकत परततात. दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेलं सगळं 1975 मध्ये सरकारला देऊन टाकलं, ही गोष्ट डॉक्टर सांगायला लागले की त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत आशा चमकते. "आमचं कधी देणार?" असं ती माझ्यादेखत विचारते. धूळ तीच पुसते ना!

कायदा मात्र डॉक्टरांना पाठ आहे. 2020 मध्ये केंद्राने सांगितलं की जुन्या, शोभेच्या वस्तूंत मोडणाऱ्या बंदुका बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना नको. त्या वापरायच्या किंवा इकडून तिकडे न्यायच्या असतील तर मात्र हवा, आणि परवान्यावर नोंद नसेल तर तिच्यासाठी दारूगोळा मिळणार नाही. म्हणून डॉक्टरांची बंदूक भिंतीवरून हलत नाही. रंगकाम निघालं तेव्हाही ती भिंत सोडून बाकीच्या तीनच रंगवल्या.

समोरचे भैया, उत्तर प्रदेशचे. त्यांच्याकडे कानपूरच्या कारखान्याची बत्तीस बोरची रिव्हॉल्व्हर. त्यांच्याकडे बंदूक म्हणजे हौस थोडी, इज्जत जास्त. पूर्वी त्यांच्या परवान्यावर तीन हत्यारं होती. 2019 च्या दुरुस्तीने माणशी तीनाची दोन झाली, तिसरं वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा म्हणाले. वडिलांची रायफल, सासऱ्यांची दुनाळी की स्वतःची रिव्हॉल्व्हर? महिनाभर त्या घरातून भांडणाचे आवाज येत होते. शेवटी सासऱ्यांची गेली. भाभींनी त्यानंतर किती दिवस अबोला धरला ते मी सांगणार नाही, मला माहीत असलं तरी.

त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं. लग्नाच्या वरातीत, जल्लोषात बेफिकिरीने बार उडवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भैयांच्या पुतण्याच्या लग्नात पाहुणे म्हणाले, "दोन फायर तो बनता है।" भैयांनी डीजेचा आवाज वाढवायला सांगितला. शहाणपणा याला म्हणतात.

निवडणूक आली की मात्र सगळे सारखे. आचारसंहिता लागते, ठाण्यातून निरोप येतो, हत्यारं जमा करा. विधानसभा, मग लोकसभा, मग नगर निगम. काकांची दुनाळी लेकुरवाळ्या मुलीसारखी माहेरीच जास्त असते. परत आणली की काका आधी पावती तपासतात, मग नळ्या, मग पोलिसांना शिव्या घालतात, कारण ठिपका हमखास पडलेला असतो.

खरी बातमी पुढेच आहे. काका दुनाळीचा वारस शोधतायत. 2016 च्या नियमांत सोय आहे: परवानेदार सत्तरीला पोचला, किंवा त्याने हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, तर हयातीतच ते वारसाच्या नावे करायचा अर्ज करता येतो. बाकीच्या वारसांची हरकत नको, वारस परवान्याला लायक हवा. काकांनी पुण्यातल्या मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "बाबा, आमच्या सोसायटीत कुत्रा पाळायला एवढे फॉर्म भरावे लागतात, बंदूक कुठे आणू?" सूनबाईंनी फोन हातात घेऊन गोड शब्दांत तेच सांगितलं.

राहिली नात. सोळा वर्षांची पोर, पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफल शिकते. दिवाळीला इथे आली होती. काका खुशीत. तिला दुनाळी दाखवली, वाघ सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि व्हरांड्याच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. जाड जाकीट चढवलं, सपाट तळाचे बूट घातले, कपाळाच्या पट्टीला लावलेली ढापणी नेम न धरणाऱ्या डोळ्यावर ओढली आणि रिकामी रायफल खांद्याला लावून उभी राहिली. छर्रा नाही, आवाज नाही. रायफल वर घ्यायची, श्वास सोडायचा, थांबायचं, चाप ओढायचा, टक्. चाप ओढल्यावरही क्षणभर तशीच उभी. मग खाली. पुन्हा तेच. याला ती ड्राय प्रॅक्टिस म्हणते. पाच किलोच्या आसपासचं ओझं पेलत पोर हलली नाही. मी मात्र भिंतीशी उभी राहून चार वेळा पाय बदलले.

काकांनी विचारलं, "नेम कशावर?"

तिने कागदावर बोट ठेवलं. दहा गुणांचं जे मधलं टिंब असतं, ते अर्ध्या मिलिमीटरचं. आपण पेनाने टिंब दिलं तरी त्याहून मोठं पडतं. छर्राच साडेचार मिलिमीटरचा, तो त्या टिंबाच्या किती मध्यावर बसला हेही मोजतात, दशांशात, कमाल 10.9. स्पर्धेत असे साठ नेम, सव्वा तासात.

"आणि आजोबा," ती म्हणाली, "इथे टेप कुठूनही फिरवता येत नाही. मशीनच आकडा सांगतं."

काकूंनी आतून टाळ्या वाजवल्या. मी शपथेवर सांगते, काका लाजले.

पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नूर पालटला. वाघाच्या जागी नेमबाज आले. आता कुंपणाशी गेलं की ऐकायला मिळतं ते गणेश वासुदेव मावळणकरांचं. लोकसभेचे पहिले सभापती ना, तेच. नॅशनल रायफल असोसिएशन 1951 मध्ये त्यांनीच उभी केली, आणि आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर नवख्या नेमबाजाला मावळणकरांच्या नावाची स्पर्धा लागते. "सभागृह गप्प करायची सवय होती, त्यांना शांततेची किंमत ठाऊक," इति काका. मग एनसीसीत रायफल हाती धरलेल्या अंजली भागवत. मग कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, 2010 ला म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनच्या जगज्जेत्या. राही सरनोबत, 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सोनं. आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे! तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 451.4 गुण आणि कांस्य. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये पदक आणलं होतं, त्यानंतर वैयक्तिक पदक आणणारा महाराष्ट्राचा हा पहिला गडी, बहात्तर वर्षांनी. भिलाईत बसून काकांनी त्या दिवशी पेढे वाटले नव्हते, ते नातीच्या दिवाळीत वाटले. उशिरा का होईना, मला दोन मिळाले.

नातीने दुनाळीलाही नकार दिला, बरं का. म्हणाली, ट्रॅप खेळायचं म्हटलं तरी नळ्या एकावर एक लागतात, तुमच्या शेजारी-शेजारी आहेत. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुर्गला जाऊन परवानाधारक विक्रेत्याकडे चौकशी केली. जे पैसे येतील ते नातीच्या छर्ऱ्यांना आणि जाकिटाला. काकू म्हणाल्या, "शेवटी लोखंडाचं सोनं होतंय म्हणायचं."

माझं मत विचाराल तर काकांनी योग्य केलं. शिकारीच्या गोष्टीला साक्षीदार नसतो म्हणून वाघ वाढत जातो. कागदावरचं भोक कुणाच्याही आजोबांसाठी सरकत नाही. हौसच असेल तर ती रेंजवर, शिक्षकासमोर भागवावी.

आणि हे तुमच्यासाठी. गावाकडच्या घरात, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत एखादी जुनी बंदूक निघाली तर फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, कुणाला चालवून दाखवू नका. परवानेदार गेला असेल तर ती आधी जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि मग वारसाचा अर्ज करायचा की विकायची, ते घरात बसून ठरवा.