ओटा सोबत न्या

भाद्रपदात पुण्या-मुंबईच्या घरांत हल्ली दोन आराशी मांडलेल्या दिसतात. पुढच्या खोलीत गणपतीची, मागच्या खोलीत बॅगांची. जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे आरतीला आलेला प्रत्येक जण प्रसाद तोंडात टाकून मागच्या खोलीत डोकावतो, जमिनीवर आ वासून पडलेल्या बॅगांकडे बघतो आणि विचारतो, "सुई-दोरा घेतलास का रे?" तो घेतलेला असतोच. आधीच्या प्रत्येक पाहुण्याच्या समाधानासाठी एकेक करून घेतलेला असतो.

हा काही चार घरांचा प्रश्न राहिलेला नाही. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आपण चीनला मागे टाकून पहिल्या नंबरावर आहोत. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्ग प्रांताशी करार करून नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे दहा हजार कुशल तरुण पाठवायचं जाहीर केलं. त्याच वर्षी जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीच्या व्हिशांचा वर्षाचा आकडा २० हजारांवरून ९० हजारांवर नेला. एवढ्या बॅगा भरल्या जाणार असतील तर त्या कोण भरतं याची चौकशी व्हायला हवी. जाणारा भरत नाही, हे नक्की. तो मोबाइलवर असतो. बॅग भरते ती समिती.

समितीच्या अध्यक्ष मातोश्री. त्यांच्या मते जर्मनी हिमालयात आहे. सप्टेंबरात पुण्यात स्वेटर मिळणं मुश्कील, कारण स्वेटरचे तिबेटी विक्रेते दिवाळीच्या सुमाराला येतात आणि विमान त्याआधीच उडतं. मग थर्मलचे जोड येतात, माकडटोपी येते, मफलर येतो आणि शेवटी कोथरूडच्या काकांचा ओव्हरकोट येतो. काकांनी तो कधीकाळी कंपनीच्या कामासाठी लंडनला नेला होता. त्याला डांबरगोळ्यांचा वास आहे, आतल्या खिशात भुयारी रेल्वेचं जुनं तिकीट आहे, डाव्या बाहीचं एक बटण मावशीनं ब्लाऊजचं लावलेलं आहे आणि वजन पिठाच्या पिशवीएवढं आहे. काकांची अट एकच, येताना परत आण. कुणाला वाटेल काकांना मुलाची काळजी आहे.

बर्लिनमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या जरासंच वर असतं, हे खरं. पण माणूस त्या तापमानात राहत नाही, त्यातून पळत घरी जातो. घरात, वर्गात, ट्राममध्ये हीटर चालू असतात आणि आत वीस-बावीस अंश असतात, म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरातली सुखाची सकाळ. थर्मलवर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर काकांचा ओव्हरकोट अशी तटबंदी करून आपला गडी गाडीत शिरतो आणि दोन स्टेशनांत घामाघूम होतो. घरी येऊन सगळं उतरवतो, तर खिडक्या सताड उघड्या! भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून भर हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या पूर्ण उघडून हवा खेळवायची, असं घरमालक बजावतात आणि कित्येक भाडेकरारांत ते चक्क लिहिलेलं असतं. थंडीनं माणूस कुडकुडतो तो असा, स्वतःच्या पलंगावर, नियमानं. अंधारावर तर समितीकडे उपायच नाही. डिसेंबरात बर्लिनचा सूर्य चार वाजायच्या आत मावळतो. 'सातच्या आत घरात' म्हणून ज्यांनी मुलांना वाढवलं, त्यांना हे ऐकून बरंच वाटेल.

जे लागतं ते पाणी आत न शिरणारे बूट आणि वारा अडवणारं जाकीट. दोन्ही तिथे मिळतात, आणि तिथल्या पावसाचा अनुभव असलेल्यांनी केलेली असतात. पण तिथे मिळणारी वस्तू इथून न्यायची नाही असा ठराव झाला तर समिती बरखास्त करावी लागेल.

आत्यानं सोलापुरी चादर आणि उशीचे सहा अभ्रे दिलेले असतात. जर्मन उशी चौकोनी असते, साधारण ऐंशी सेंटिमीटर बाय ऐंशी. आपला अभ्रा तिच्यात घालता येईल, तिला नाही. सोलापुरी चादर मात्र न्यावी. गेली अनेक दशकं ती कशालाही पुरून उरली आहे.

आता खाणं. इथे समितीला युरोपियन महासंघ नावाचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी भेटतो. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस किंवा दूध, आणि त्यांचे पदार्थ, सामानातून नेता येत नाहीत. तेव्हा साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळं बाद. वनस्पतींचेही हाल तेच. डिसेंबर २०१९पासून ताजी फळं-पानं न्यायची तर रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून कढीपत्ता बाद आणि हापूसही बाद. सूट फक्त पाच फळांना आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. एवढ्या मोठ्या महासंघानं आपली ओटी भरायची सोय राखली, हे पाहून आजीला गहिवरून येतं. पण ते क्षणभरच, कारण सुकं खोबरं तेलकट आणि पेट घेणारं म्हणून मार्च २०२२पासून आपल्याच विमान सुरक्षा खात्यानं चेक-इन बॅगेत बंद केलंय. म्हणजे नारळ युरोपला चालतो आणि खोबऱ्याची वाटी मुंबईला चालत नाही. अनारसे न्यायचे असतील तर विमान कुठून जातं तेही बघा. दुबईत खसखस अमली पदार्थांत मोडते. दिवाळीचा फराळ घेऊन निघालेला मुलगा तिथल्या कोठडीत बसला तर लक्ष्मीपूजन कुणी करायचं?

मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, लोणचं यांना अटकाव नाही. त्यामुळे समिती सगळा जोर तिथे लावते. काटा तेवीस किलोंवर अडला की बाहेर काढली जातात ती पुस्तकं.

निघायच्या दिवशी आजी बॅगेवर कुंकवानं स्वस्तिक काढते. जर्मन दंड संहितेच्या ८६ अ कलमानं नाझी चिन्हं जाहीरपणे मिरवायला बंदी आहे. आपलं मंगलचिन्ह त्या कलमाचं लक्ष्य नाही. २००७ साली जर्मनीनं ही बंदी सगळ्या युरोपात नेण्याचा विचार मांडला, तेव्हा युरोपातल्या हिंदूंनी विरोध केला आणि तो मागे पडला. हे सगळं बरोबर आहे. पण फ्रँकफर्टच्या विमानतळावर रात्रीच्या जागरणानंतर हे ए-वन पातळीच्या जर्मनमध्ये समजावून सांगायचंय. ए-वनमध्ये 'माझं नाव अमुक आहे, मला सफरचंद आवडतं' इथवरच मजल जाते. आजीला सांगा, गणपती काढ.

समितीचा खरा पराभव स्वयंपाकघरात होतो. तिनं कुकर दिलेला असतो, मिक्सर दिलेला असतो, पोळपाट-लाटणं, खलबत्ता, मसाल्याचा डबा, फोडणीची कढली, सगळं. चिरंजीव घराच्या किल्ल्या घेतात, दार उघडतात आणि स्वयंपाकघरात उभे राहतात. खोली आहे, पण तिच्यात काही नाही. ओटा नाही, बेसिन नाही, शेगडी नाही, कपाट नाही. भिंतीतून पाण्याची दोन नळकांडी बाहेर आलीत आणि छतातून दोन वायरी लोंबतायत, कारण दिवाही नाही. घर लुटलेलं नसतं, ते भाड्यानं दिलेलं असतं. जर्मनीत फर्निचरशिवाय घर भाड्यानं घेतलं की बहुतेक वेळा स्वयंपाकघर आपलं आपण आणायचं आणि सोडताना उचकटून न्यायचं. आधीच्या भाडेकरूला ते न्यायचं नसेल तर तो ते तुम्हाला विकतो. त्याचा अर्धा भाजलेला ओटा आणि करकरणारं कपाट नाकारावं तर घर दुसऱ्याला मिळेल, ही भीती. गिरगावात पगडी देऊन खोली घेतलेल्या आजोबांना हा व्यवहार एका वाक्यात कळला असता. एम.एस. करायला गेलेल्या नातवाला तो कळायला आठवडा लागतो, आणि तेवढे दिवस तो बाथरूममध्ये ताटं धुतो.

समितीनं न्यायला सांगायचं तर ते हे सांगायचं होतं. ओटा घे. एक बल्ब घे, होल्डरसकट.

ओटा आला की पुढचे प्रश्न. शेगडी इंडक्शनची निघाली तर आईचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर नुसता बसून राहतो, तापत नाही. मिक्सरला वीज चालते, २३० व्होल्ट दोन्हीकडे सारखेच, पण त्याची तीन पिनांची जाडजूड पिन तिथल्या दोन भोकांत जात नाही. एका खोलीचं घर असेल तर पलंग आणि शेगडी समोरासमोर असतात, आणि झोपायच्या जागी धूरसूचक यंत्र लावायची सक्ती आहे. हिंग-मोहरी तडतडली की ते ठणाणा करतं. कुकरच्या शिट्टीनं शेजारीण दारात येते. ती भांडत नाही. भिंतीवर लावलेली चौकटीतली सूचनावली बोटानं दाखवते आणि जाते.

या सूचनावलीबद्दल मात्र पुणेकरांनी निर्धास्त राहावं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दिवसभर शांतता, ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, दुकानं बंद. आणि पुष्कळ इमारतींच्या नियमांत दुपारी एक ते तीनची वामकुक्षी आहे! जिना कुणी कुठल्या आठवड्यात झाडायचा याची पाटी, सायकल कुठे लावू नये याची पाटी, कुठला कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात याची पाटी. सदाशिव पेठेतून गेलेल्या माणसाला एवढंच वाटेल की एक ते चारमधला एक तास या लोकांनी उगाच सोडला. त्रास होतो तो मुंबईकरांना.

वडिलांचं खातं कागदांचं. त्यांनी दहावीपासूनच्या गुणपत्रिका लॅमिनेट करून ठेवलेल्या असतात. प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही हे त्यांना साक्षांकनाच्या खिडकीत कळतं. जर्मनीला मुलापेक्षा त्याच्या कागदांचं प्रेम जास्त. व्हिशासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका बंद खात्यात आधी भरायचे, मग आपलेच पैसे दर महिन्याला ९९२ युरो असे आपल्याला खाऊच्या पैशासारखे मिळतात. तिथे राहायला गेलं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, त्यासाठी घरमालकाची चिठ्ठी हवी. बरेच घरमालक बँक खातं आणि पगाराचे कागद मागतात, बऱ्याच बँका पत्त्याची नोंद मागतात. पत्ता नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पत्ता नाही. नोंदणीच्या वेळी धर्म विचारतात, तो चर्चचा कर कापण्यासाठी. तिथे कुणी 'सर्व धर्म सारखे' म्हणून उदार मनानं भलत्या चौकटीत खूण करू नये. नोंद झाली की काही दिवसांत पहिलं टपाल येतं. मुलगा हरखतो. ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं असतं, घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट. टीव्ही नाही? आम्ही कुठे विचारलं?

आता 'फक्त दोन किलो'चे पार्सलवाले. मुलगा स्टुटगार्टला चाललाय म्हटलं की बिल्डिंगमधल्या वहिनी चकल्यांचा डबा घेऊन येतात. "आमचा बंटी हॅम्बुर्गला आहे, तिथेच देईल ना हा?" तिथेच म्हणजे साडेसहाशे किलोमीटर. पुण्याहून नागपूरला चकल्या पोचवायला निघण्याचाच प्रकार. शिवाय वडिलांनी "जर्मन गाड्या सेकंदावर चालतात" असं बजावून गजराचं घड्याळ दिलेलं. २०२४मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. चकल्या खुसखुशीत राहतात. मधली गाडी चुकते.

"आमच्या वेळी नव्हतं हो हे सगळं," असं कुणीतरी म्हणतंच. त्यांच्या वेळच्याही आधी, १९२८ साली, इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्व्यांचा विरोध होता. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले, ते पाठीशी राहिले. इरावतीबाईंनी कवट्यांवर संशोधन केलं आणि मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत आकड्यांत बसत नाही असा निष्कर्ष काढून, पदवी घेऊन १९३०मध्ये परत आल्या. गाईडला खोटं ठरवून डॉक्टरेट! हल्ली त्यासाठी बर्लिनलाच जावं लागेल, पुण्यात जमणार नाही.

दोन वर्षांनी चिरंजीव सुट्टीला येतात. बॅगेत ओव्हरकोट असतो, सगळ्या बटणांसकट, कारण तो घातलेलाच नसतो. बाकी बॅगभर चॉकलेटं, क्रीमचे निळे डबे आणि रंगीत अस्वलांच्या चघळायच्या गोळ्या. आपलं साजूक तूप त्यांच्या सीमेवर अडतं; त्यांची अस्वलं आपल्याकडे हिरव्या मार्गिकेतून सरळ बाहेर पडतात. आजीला ती अस्वलं फार आवडतात. दात नाहीत, पण चघळता येतात. संकष्टीला चंद्रोदयानंतर ती दोन खाते, एक लाल, एक पिवळं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात जर्मनमध्ये लिहिलंय की जिलेटिन डुकराचं आहे. घरात जर्मन येणारा एकच, आणि तो पुढच्या खेपेला चार पाकिटं आणायचं कबूल करून बसलाय.