आर्द्रशरभ

भक्तांच्या भांडणात नवे प्राणी भराभर जन्माला येतात. नरसिंह आवरेना म्हणून शैवांनी शरभ काढला: अंग सिंहाचं, पंख पक्ष्याचे, पाय आठ. त्यावर वैष्णवांनी दोन डोक्यांचा गंडभेरुंड उभा केला. तमिळनाडूत पापनाशमहून कुंभकोणमकडे जाताना दारासुरम लागतं. तिथल्या बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वर मंदिरात शरभ अजून ऐटीत आहे. गंडभेरुंडाला कोण भारी, हा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहिला होता. आमच्या मते तो प्राणी पापनाशम तालुक्यातच आहे, भात खरेदी केंद्रावर.

नाव आर्द्रशरभ. सोंड हत्तीची, टोकाला ओलावा मोजायचं यंत्र. कान सशाचे, दिल्लीची कुजबुज ऐकू येते, समोर उभ्या शेतकऱ्याची हाक नाही. पाय आठ, चार पुढे ओढतात आणि चार मागे, म्हणून जागचा हलत नाही. शेपटीला रबरी शिक्का. आहार भात, ओलावा १७ टक्क्यांच्या आत. अठरावा टक्का दिसला की तोंड फिरवतो.

आता कुरुवै भाताची कापणी आणि ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात हातात हात घालूनच येतात. कावेरीच्या खोऱ्यात त्या दिवसांत माणूस कोरडा राहत नाही, तर भाताचं काय! राशी रस्त्याकडेला पडतात, ताडपत्रीखाली कोंब फुटतात. मग ओलाव्यात सवलतीची मागणी, मग केंद्र सरकारचं पथक, मग नमुने प्रयोगशाळेत. निकाल येईपर्यंत बहुधा लख्ख ऊन पडलेलं असतं.

(पापनाशमजवळ तिरुप्पालैतुरैला नायक राजांच्या काळातलं भलंमोठं धान्यकोठार आहे. त्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. बाहेरच्या भाताला ताडपत्रीचं.)

तंजावरावर भोसल्यांनी १६७६ ते १८५५ राज्य केलं, तेव्हा येणंजाणं जुनंच. त्यामुळे या प्राण्याची मराठी जातही आहे याचं नवल नको. ती सोयाबीन खाते, ओलावा १२ टक्के. त्यापुढे मराठवाड्यातल्या कोणाच्याही बापाला दाद देत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, ती अचानक १५ टक्क्यांपर्यंत खाऊ लागली. प्राणिशास्त्रात याला हंगामी भूक म्हणतात.