जपानविषयक वाचन मंडळ : स्थापना, संचालन आणि संभाव्य उपद्रव

बेळगाव भागात चार मराठी माणसे एकत्र बसली की साहित्य संमेलन भरते, अशी ख्याती आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर ही गावे ती वर्षानुवर्षे खरी करून दाखवत आली आहेत. तेव्हा जपानी संस्कृती आणि इतिहास वाचणारे मंडळ काढू पाहणाऱ्याने माणसे कुठून आणायची, याची चिंता करू नये. चिंता करावी ती फलकाची. २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात फलकावर ६० टक्के कन्नड लागते. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी, इंग्रजी आणि जपानीला दाटीवाटीने बसवायचे म्हटले, तर पहिल्या तीन बैठका त्यातच जातील. फलक न लावणे उत्तम.

जागेसाठी सार्वजनिक वाचनालयाकडे पाहावे. ही संस्था १८४८ सालची. अमेरिकेचा कमोडोर पेरी काळी जहाजे घेऊन जपानच्या दारात उभा राहिला तो १८५३ मध्ये, म्हणजे बेळगावात वाचनालय उघडल्यावर पाच वर्षांनी. हे पहिल्याच बैठकीत नम्रपणे, पण दोनदा सांगावे.

पहिले पुस्तक कोणते, यावर मतदान घेऊ नये. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’च घ्यावे. आग्नेय आशिया आणि जपानच्या प्रवासाचे हे पुस्तक १९६३ मध्ये आले. पुलं बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते, हे सांगितल्याशिवाय या शहरात त्यांचे नाव घेण्याची पद्धत नाही. धोका पुढेच आहे. कोणीतरी पुलंच्या व्यक्तिचित्रातले ‘रावसाहेब’ काढतो, त्यांचा कानडी हेल काढून दाखवतो, दुसरा त्याहून बरा काढतो, आणि तोक्यो राहते बाजूला. अशा वेळी संचालकाने पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या उद्यानाची आठवण करून द्यावी. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेल्या त्या जपानी बागेला नाव पुलंचेच आहे. यातून लगेच पुणे सहलीचा प्रस्ताव येतो. खजिनदाराने त्याला विरोध करावा. खजिनदार त्यासाठीच असतो.

दुसरे पुस्तक ‘तोत्तोचान’. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद आहे आणि कन्नडमध्येही ते मिळते, त्यामुळे एकाच बाकावर दोन भाषांतल्या प्रती उघडता येतात. त्यातली, रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरवणारी तोमोए शाळा १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाली, हे वाचताना सभा गप्प होते. मात्र मुख्याध्यापक कोबायाशी मुलांच्या डब्यात समुद्रातले काही आणि डोंगरातले काही आहे का ते पाहत, हा भाग आला की बेळगावकरांना कंठ फुटतो. गोव्याची मासळी घाट चढून कशी येते, बांगडा कुठल्या बाजारात ताजा, शाकाहाऱ्यांनी समुद्रातले काय आणावे (मीठ, असा निर्णय द्यावा), यावर तास सहज जातो.

चहापान बैठकीच्या शेवटी ठेवावे. सेन नो रिक्यू याने सोळाव्या शतकात चहाला साधेपणाची शिस्त लावली आणि १५९१ मध्ये सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकमावरून त्याला स्वतःचे पोट चिरून घ्यावे लागले. आपल्याकडे ‘बाय-टू’ मागवून अर्ध्या-अर्ध्यावर भागते. वाद होतो तो पैसे कोणी द्यायचे एवढाच.

निपाणीकर सभासदांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखावा. त्यांना सीमा ओलांडण्याचे कौतुक नाही. देवचंद कॉलेजचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. म्हणजे निपाणीची मुले शिकायला महाराष्ट्रात आणि जेवायला कर्नाटकात. त्यांना तोकुगावा शोगुनांचा काळ द्यावा. त्या राजवटीने दोनशेहून अधिक वर्षे देशाची दारे जवळपास बंद ठेवली आणि डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या देजिमा बेटावर पहाऱ्यात बसवले. सीमाप्रश्नावरच्या मेळाव्याच्या दिवशी कोगनोळीच्या सीमानाक्यावर माणसे कशी अडवली जातात हे पाहिलेल्यांना हे फार समजावून सांगावे लागत नाही. शिवाय पोर्तुगीजांबरोबर जपानात गेलेल्या तंबाखूवर शोगुनांनी सतराव्या शतकाच्या आरंभी पुन्हा पुन्हा बंदी घातली आणि लोक ओढतच राहिले. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत ही माहिती टाळ्या घेते.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला सुपरवायझर मंडळात हवाच. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे जपानी कारखान्यांतल्या ‘फाइव्ह-एस’ शिस्तीचे पाचही शब्द सभेत फक्त त्यालाच पाठ असतात. प्राध्यापक मंडळी झेन सांगत असतात तेव्हा हा खुर्च्या रांगेत लावून, मोडक्या बाजूला काढून मोकळा झालेला असतो. त्याला अध्यक्ष करावे.

हायकूला मात्र आवर घालावा. शिरीष पै यांनी हा प्रकार मराठीत रुजवला तो कष्टाने. तीन ओळींत संपते म्हणून प्रत्येकाने तीस आणायचे, असा त्याचा अर्थ नाही. माणशी एक.

इतिहासाच्या बैठकीला निवृत्त सुभेदार येतात, तेव्हा विनोद जरा बाजूला ठेवावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात, उख्रूलजवळच्या सांगशाक इथे या पलटणीची चौथी बटालियन पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपानी सैन्याच्या वेढ्यात लढली. पाणी तुटले होते, खडकाळ टेकडीवर खंदक नीट खणता येत नव्हते. तरी त्या दिवसांत जपान्यांची इंफाळ आणि कोहिमाकडची चाल रखडली. मंडळाच्या यादीतल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जपान या भागाला इथे जास्त जवळून भेटला आहे, आणि त्यावर मराठीत वाचायला फार थोडे मिळते.

म्हणून शेवटची सूचना, आणि ही गंमत नव्हे. ज्यांच्या घरी ट्रंकेत आजोबांचे बर्मा स्टार पदक, पलटणीचे फोटो किंवा आघाडीवरून आलेली पत्रे पडून असतील, त्यांनी ती बैठकीला आणावीत आणि वाचनालयात त्यांची नक्कल ठेवू द्यावी.