गैरहजर तो बाद

ह्यूस्टन, २ ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांस,


आज सिल्वासात मुक्तिदिन. १९५४ साली सुधीर फडके, राजा वाकणकर वगैरे मंडळींनी गाव पोर्तुगीजांच्या हातून कसं सोडवलं, हे बाबा दरवर्षी सांगायचे. इकडे मी आठवडाभर आमच्याच गाडीचं दार सोडवत होतो.

त्याचं असं झालं. आमची पिकअप २००५ची, फोर्ड एफ-१५०. रिमोटचा सेल उतरला. तीन व्होल्टचा, रुपयाएवढा. बदलला की काम संपलं. पण मी पडलो शहाणा! जोडीला नवा रिमोटही मागवला. बाबा, "वापीहून पाठवू का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत खरं, पण आपल्याकडचे रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि ही बाई ऐकते ३१५वर. वापीचा रिमोट घसा फोडून ओरडला तरी ही ढुंकून बघायची नाही.

नव्या रिमोटची ओळख करून द्यायचा विधी असतो. दारं लावून आत बसायचं, इंजिन सुरू न करता दहा सेकंदांत आठ वेळा किल्ली फिरवायची. दारं आपोआप खटखट वाजली की बाई प्रसन्न झाली. मग रिमोटचं बटण दाबायचं. सूनबाई शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजत होती. तरी मी दोनदा सातावरच थांबलो. शेजारचे गोरे आजोबा कुंपणावरून हात जोडून बघत होते. आमची दसऱ्याची वाहनपूजा त्यांनी पाहिली आहे. तिसऱ्यांदा जमलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई जुना रिमोट घेऊन कामावर निघाली, तर दार ढिम्म! मग कळलं, हा विधी झाला की गाडी जुन्या सगळ्या ओळखी पुसते. त्या बैठकीला जे रिमोट हजर, तेवढेच घरचे. जुना तेव्हा हिच्या पर्समध्ये होता. रात्री पुन्हा बैठक, दोघांनाही मांडीवर घेऊन.

मधले दिवस दार साध्या किल्लीने उघडलं. बाबा, तुम्ही टेम्पोचं दार स्क्रूड्रायव्हरने उघडायचात, तेव्हा मी हसलो होतो. ते हसणं परत घेतो.

दिवाळीला येतोय. काका, आत्या, सगळ्यांना एकाच वेळी घरी बोलवा. धाकटी तुम्हाला फक्त फोनवर ओळखते. तिची ओळख एकाच बैठकीत करून द्यायची आहे.

तुमचा,
थोरला